स्वस्त म्हणून घेतलेली रायफल महाग कशी झाली?

कानात इयरफोन घालून लोकलमध्ये ऐकत असाल, नाहीतर ब्लॉगवर निवांत वाचत असाल, आजचा प्रश्न अगदी साधा आहे. जुनी वस्तू महाग का होते?

यावर पटकन सुचणारं उत्तर म्हणजे, ती कुणा मोठ्या माणसाची असते म्हणून. आता जिम कॉर्बेटचंच घ्या. १९०७ साली त्याने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, तेव्हा संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला एक रिग्बी रायफल भेट दिली. या रायफलीला आज मोल आहे, याचं कुणाला आश्चर्य वाटणार नाही. नाव मोठं, गोष्ट मोठी, म्हणून किंमतही मोठी. हिशेब सरळ आहे.

पण ज्या वस्तूला ना नाव आहे ना गोष्ट, तिचं काय? हजारोंनी बनवलेली, साध्या लाकडाची, 'परवडते म्हणून घेतली' अशी वस्तू पन्नास वर्षांनी शोधत लोक का फिरतात?

आपल्याकडे याचं उदाहरण रस्त्यावर धावतं. यामाहा आरएक्स १००! १९८५ ते १९९६ अशी अकरा-बारा वर्षं ही गाडी भारतात बनली. कॉलेजची पोरं चालवायची, दूधवाले चालवायचे. ती काही राजेशाही गाडी नव्हती. आज मात्र चांगल्या अवस्थेतली आरएक्स दिसली की लोक थांबून बघतात, आणि मालक सांगेल ती किंमत द्यायला तयार असणारा कुणीतरी भेटतोच. हे डोक्यात असू द्या, कारण आज आपण अमेरिकेत जाणार आहोत आणि तिथे हीच गोष्ट शिकारीच्या स्वस्त रायफलींच्या बाबतीत बघणार आहोत.

आधी थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेच्या गावाकडे शिकार हा राजेरजवाड्यांचा शौक कधीच नव्हता. दर हिवाळ्याच्या तोंडावर हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. राज्य सरकारचं लायसन्स काढायचं, ठरलेल्या दिवसांत जंगलात जायचं आणि हरीण मिळालं तर त्याचं मांस घरच्या फ्रीझरमध्ये. शेतकरी, कारखान्यातला कामगार, ट्रक ड्रायव्हर, सगळ्यांच्या घरात हे चालायचं. त्यामुळे रायफल हे त्यांच्यासाठी एक अवजार होतं. आपल्याकडे शेतावर पाण्याची मोटर असते ना, तसं. चाललं पाहिजे, टिकलं पाहिजे आणि खिशाला परवडलं पाहिजे.

या गिऱ्हाइकासाठी रेमिंग्टन कंपनीने १९६७ साली एक रायफल काढली. मॉडेल ७८८. रेमिंग्टन म्हणजे १८१६ पासून चालत आलेली कंपनी, न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावात तिचा मोठा कारखाना. तिची मॉडेल ७०० ही रायफल १९६२ पासून बाजारात होती आणि जोरात खपत होती. पण सॅव्हेज, मॉसबर्ग अशा कंपन्या त्याहून स्वस्त रायफली विकत होत्या. त्या गिऱ्हाइकालाही हातचं जाऊ द्यायचं नाही, म्हणून ७८८ आली. किंमत १०० डॉलरच्या आत.

दिसायला कशी? अगदी साधी. दस्त्याचं लाकूड साधं, त्याला अक्रोडासारखा रंग दिलेला. पकडायच्या जागी नक्षी नाही. काडतुसं घालायचं मॅगझिन पत्र्याचं, खालून काढता येणारं. दुकानात शेजारी ७०० टांगलेली असेल तर ७८८ बिचारी गरीब नातेवाइकासारखी दिसायची.

गंमत स्वस्तपणातच होती

या रायफलीतली खरी मजा दुकानात दिसणारी नव्हतीच, ती शेतात गोळी झाडल्यावर कळायची. पहिला बार, दुसरा बार, तिसरा बार, आणि कागदावरची तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली! ही स्वस्तातली रायफल महागड्या रायफलींच्या बरोबरीने नेम धरत होती.

का? इथे जरा तांत्रिक बोलू, पण सोपं करून सांगतो.

बोल्ट रायफलीत काडतुसाच्या मागे एक लोखंडी दांडा असतो, तो बोल्ट. गोळी सुटताना मागे प्रचंड दाब येतो. तो दाब सहन करायला बोल्टला दात असतात, त्यांना लग म्हणतात. ते रायफलीच्या सांगाड्यात अडकतात. बहुतेक रायफलींना पुढच्या टोकाला दोन मोठे लग असतात. ७८८ ला मागच्या बाजूला नऊ छोटे लग होते. त्यामुळे बोल्टचा दांडा थोडासाच उचलला तरी तो मोकळा व्हायचा आणि काम पटकन व्हायचं.

दुसरी गोष्ट मॅगझिनची. महाग रायफलीत काडतुसं दोन रांगांत, आलटून पालटून बसतात. त्यासाठी सांगाड्याच्या पोटाला रुंद खाच पाडावी लागते. ७८८ चं मॅगझिन एकाच रांगेचं, तीन काडतुसांचं. म्हणजे खाच लहान. खाच लहान म्हणजे पोलाद जास्त शिल्लक, आणि पोलाद जास्त म्हणजे सांगाडा ताठ. गोळी सुटताना तो कमी थरथरतो.

तिसरी गोष्ट म्हणजे चाप ओढल्यापासून आतली पिन काडतुसावर आदळेपर्यंतचा वेळ. ७८८ मध्ये हा वेळ फार कमी होता. त्या क्षणात हात हलला तर नेम चुकतो, म्हणून हा वेळ जितका कमी तितकं चांगलं.

बघा, कंपनीने पैसे वाचवले ते लाकडात, नक्षीत, पॉलिशमध्ये आणि साध्या मॅगझिनमध्ये. नळीत नाही वाचवले. आणि ते साधं मॅगझिनच उलट रायफलीच्या पथ्यावर पडलं.

अर्थात दोषही होते. बोल्टचा हात डाग देऊन जोडलेला असायचा, तो कधीकधी तुटून हातात यायचा. मॅगझिन पडलं, हरवलं की रायफल अडून बसायची. दाब मागच्या लगवर येत असल्याने काडतुसाची पितळी टोपणं जरा ताणली जायची. पुन्हा भरून वापरणाऱ्यांना याचा त्रास व्हायचा.

१९८३ मध्ये ७८८ बंद झाली. रायफलवाल्यांच्या कट्ट्यावर आजही एक किस्सा फिरतो, की गरीब बहीण थोरल्या बहिणीपेक्षा चांगला नेम धरत होती, म्हणून कंपनीने तिला घरी बसवलं. हा कट्ट्यावरचा किस्सा आहे, तसाच घ्या. पण किस्से बाजार घडवतात हे मात्र खरं. 'कंपनीने मुद्दाम बंद केलेली रायफल' म्हटलं की गिऱ्हाइकाचे कान टवकारतातच.

आता हिशेब करू

इथे 'वाढलेली किंमत' हा शब्द जरा तपासून घ्यावा लागतो. १९६७ मधले १०० डॉलर म्हणजे महागाई धरली तर आजचे साधारण ९०० डॉलर. आणि वापरलेली चांगली ७८८ आज साधारण ४०० ते ८०० डॉलरच्या घरात जाते. म्हणजे आजोबांनी ती गुंतवणूक म्हणून घेतली असती, तर फार काही कमावलं नसतं!

मग आश्चर्य कशाचं? आश्चर्य याचं की ही पन्नास वर्षं वापरलेली, पावसात भिजलेली, ट्रकमध्ये आदळलेली वस्तू आहे. वापरलेल्या अवजाराची किंमत उतरत उतरत भंगारापर्यंत जायला हवी. पंधरा वर्षं जुन्या मिक्सरला कोण विचारतं? इथे उलट झालंय. अमेरिकेत आज कोरी करकरीत स्वस्त रायफल ४०० ते ६०० डॉलरमध्ये मिळते, आणि तरीही लोक तेवढेच किंवा जास्त पैसे देऊन जुनी ७८८ घेतात.

आणि काही ७८८ तर याच्याही वर जातात. फोर्टी-फोर मॅग्नम नावाच्या काडतुसासाठीची ७८८ पहिली काही वर्षंच बनली. खपली नाही, बंद झाली. आज तीच हजार डॉलरच्या पुढे जाते. म्हणजे जी त्या काळी कुणाला नको होती, तीच आता सगळ्यांना हवी!

थर्टी-थर्टी काडतुसाची ७८८ सुद्धा अशीच. हे काडतूस नेहमी नळीसारख्या मॅगझिनच्या रायफलीत चालायचं. तिथे काडतुसं एकापाठोपाठ एक बसतात, पुढच्याच्या बुडाला मागच्याचं टोक टेकतं. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने पुढचं काडतूस मॅगझिनमध्येच उडायचा धोका, म्हणून गोळीचं टोक चपटं ठेवायचे. ७८८ च्या पेटीसारख्या मॅगझिनमध्ये हा धोका नव्हता, त्यामुळे टोकदार गोळीही चालायची. अशा बारकाव्यांना संग्राहक पैसे मोजतात.

एका तारखेने बाजार बदलतो

दुसरं कारण म्हणजे एखादी तारीख. विंचेस्टरची मॉडेल ९४ घ्या. जॉन ब्राउनिंगने आखलेली, १८९४ साली आलेली. काऊबॉय सिनेमात घोड्याच्या खोगिराला अडकवलेली जी रायफल दिसते ना, त्या घराण्यातली. सामान्य माणसाची हरणाची रायफल म्हणजे हीच. दहा लाखावी रायफल १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली होती. पुढे एकूण आकडा ७० लाखांच्या वर गेला. म्हणजे दुर्मिळ तर मुळीच नाही.

पण १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवायला बनवण्याची पद्धत बदलली. जे भाग पोलाद कोरून बनायचे, त्यातले काही पत्रा ठोकून बनायला लागले. गिऱ्हाइकाच्या हाताला ते लगेच कळलं. आणि बाजारात एक नवा शब्द जन्माला आला, 'प्री-सिक्स्टी-फोर'. म्हणजे १९६४ च्या आधीची. त्या एका वर्षाने कालपर्यंतच्या साध्या रायफलींना रातोरात 'जुनी चांगली' करून टाकलं. त्या रायफलींमध्ये काहीच बदललं नव्हतं. बदल नंतर आलेल्या रायफलींमध्ये झाला होता!

असंच मार्लिन कंपनीचं. मार्लिन आपल्याच रायफली स्वस्त लाकूड लावून 'ग्लेनफिल्ड' नावाने विकायची, मोठ्या साखळी दुकानांसाठी. ग्लेनफिल्डच्या छोट्या बावीस बोअरच्या रायफलीच्या दस्त्यावर तर खारीचं चित्र ठोकलेलं असायचं. लोक हसायचे त्याला. पुढे २००७ च्या शेवटी रेमिंग्टनने मार्लिन विकत घेतली आणि मार्लिनचा कनेटिकटमधला जुना कारखाना बंद झाला. नव्या जागी बनलेल्या सुरुवातीच्या रायफलींबद्दल इतक्या तक्रारी आल्या, की लोकांनी त्यांना 'रेमलिन' असं टोपणनाव दिलं.

मग काय, लोक जुन्या मार्लिनच्या नळीवर 'जेएम' हा छोटा शिक्का शोधू लागले. जेएम म्हणजे जॉन मार्लिन, जुन्या कारखान्याची खूण. आणि हा शिक्का ग्लेनफिल्डवरही होता! स्वस्त लाकडाखालचं यंत्र तेच, कारागीर तेच. २०२० मध्ये रेमिंग्टनचं दिवाळं निघालं, रुगर कंपनीने मार्लिन घेतली आणि पुन्हा चांगल्या रायफली बनायला लागल्या. तरी जेएमची ओढ काही गेली नाही.

कॅटलॉगमधली कोडी

तिसरी गंमत टपालाची. तेव्हाच्या अमेरिकेत सीअर्ससारखी दुकानं कॅटलॉग छापायची. त्यात चपला, शिलाई मशीन आणि रायफल, सगळं एकाच पुस्तकात. पैसे पाठवा, वस्तू टपालाने घरी. सीअर्सचा स्वतःचा कारखाना नव्हता. दुसऱ्यांकडून बनवून घ्यायचे आणि नाव लावायचे 'जे. सी. हिगिन्स'. नंतर बेसबॉलचा खेळाडू टेड विल्यम्स याचं नाव लागायला लागलं.

त्यामुळे झालं असं, की साध्या नावाखाली काय दडलंय हे गिऱ्हाइकाला कळायचंच नाही. जे. सी. हिगिन्स मॉडेल ५० चा सांगाडा बेल्जियमच्या प्रसिद्ध एफएन कारखान्यातला माउझर होता. म्हणजे आतमध्ये उच्च दर्जाचं युरोपियन काम, आणि वरती किराणा दुकानाचं नाव! ज्यांना हे ठाऊक झालं, त्यांनी या रायफली गुपचूप गोळा करायला सुरुवात केली. माहिती पसरली आणि किमती वर गेल्या.

हे टपालाचं दार का बंद झालं? १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली. ली हार्वी ओसवाल्डने ती इटालियन लष्करी रायफल खोट्या नावाने, शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवली होती. दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च वेगळा. पुढे १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्याही हत्या झाल्या, आणि त्याच वर्षी गन कंट्रोल ॲक्ट आला. सामान्य गिऱ्हाइकाला परराज्यातून टपालाने बंदूक मागवणं बंद झालं. प्रत्येक नव्या बंदुकीवर क्रमांक घालणं सक्तीचं झालं. त्याआधी अनेक स्वस्त रायफलींवर क्रमांकही नसायचा. म्हणून कॅटलॉगमधल्या त्या रायफली आज एका संपलेल्या काळाच्या खुणा आहेत. त्या काळाची एक काळी बाजूही होती, हे संग्राहकांनाही विसरता येत नाही.

कापलेल्या आणि न कापलेल्या

चौथं कारण मला सगळ्यात जास्त आवडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो लष्करी रायफली फालतू झाल्या. स्प्रिंगफिल्ड, एन्फिल्ड, माउझर. अमेरिकेत त्या कवडीमोलाने विकल्या गेल्या. सामान्य माणूस म्हणायचा, नवी रायफल कशाला, हीच घेऊ. मग घरच्या करवतीने पुढचं लांब लाकूड कापायचं, नळी छोटी करायची, दुर्बीण बसवायला भोकं पाडायची, झाली शिकारीची रायफल.

या प्रवाहात आपल्याकडच्याही रायफली गेल्या. पोलिसांच्या खांद्यावरची थ्री-नॉट-थ्री आठवते? तिच्याच धर्तीवर, बंगालमधल्या इछापूरच्या सरकारी कारखान्यात १९६२ च्या चीन युद्धानंतर ७.६२ मिलिमीटर काडतुसाची रायफल बनली. तिचं नाव २ए आणि २ए१. भारतात निवृत्त झाल्यावर त्यातल्या बऱ्याच अमेरिकेच्या बाजारात स्वस्तात पोचल्या, आणि तिथे काही आयातदारांनी त्याही कापून छोट्या केल्या.

आज हिशेब उलटा झालाय. न कापलेली, मूळ लाकडाची लष्करी रायफल महाग, आणि मेहनतीने 'सुधारलेली' तिच्या कितीतरी खाली. दर वेळी कुणीतरी करवत चालवली, तेव्हा उरलेल्या मूळ रायफली थोड्या थोड्या दुर्मिळ होत गेल्या. त्या वेळी हे कुणाला कळणार? स्वस्त वस्तू जपून ठेवायची असते, असं कुणालाच वाटत नाही.

आणि आजच्या सगळ्या विषयाचं मूळ इथेच आहे. महाग वस्तू लोक पहिल्या दिवसापासून जपतात. मखमलीत ठेवतात, तेल लावतात, म्हणून त्या भरपूर उरतात. स्वस्त वस्तू वापरून संपवल्या जातात. म्हणून चांगल्या अवस्थेतली महाग रायफल शोधणं सोपं, पण चांगल्या अवस्थेतली स्वस्त रायफल, मूळ मॅगझिनसकट, न घासलेली, न कापलेली, मिळवणं खरंच कठीण.

पण थांबा, प्रत्येक जुनी रायफल सोनं नाही

हे ऐकून कुणाला वाटेल की जुनं आणि स्वस्त म्हणजे फायदाच. नाही. बहुतेक जुन्या स्वस्त रायफली आजही स्वस्तच आहेत. ज्यांची किंमत वाढली, त्यांच्यात दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या. आतलं काम चांगलं होतं, बनणं बंद झालं, आणि शाबूत नमुने कमी उरले. यातलं एकच असेल तर भागत नाही. नुसती दुर्मिळ पण वाईट रायफल कुणी घेत नाही.

आणि एक मोठी चूक वारसदार करतात. आजोबांची रायफल मिळाली की तिला घासूनपुसून, लाकडाला नवं पॉलिश मारून, लोखंडाला नवा काळा रंग देऊन 'नवी' करतात. संग्राहकासाठी तिथेच किंमत पडते. जुन्या नाण्यांचंही हेच असतं. चिंच लावून चकचकीत केलेलं नाणं बघून जाणकार कपाळाला हात लावतो.

भारतात असा बाजार का नाही, हे वेगळं सांगायला नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारच संपली. शस्त्र कायदा कडक, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका लायसन्सवर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. इथे आजोबांची बंदूक ही हौसेआधी कागदपत्रांची गोष्ट असते, आणि ती तशीच असलेली बरी.

पण स्वस्त वस्तू आपल्याकडेही आहेत. इतिहासाच्या दृष्टीने संग्रहालयातल्या तलवारीइतकंच त्यांचंही महत्त्व आहे. राजाच्या तलवारीवरून राजा कळतो. सामान्य माणूस कसा जगत होता, कशावर पैसे वाचवायचा आणि कशावर नाही, हे त्याच्या स्वस्त अवजारांवरूनच कळतं. ७८८ ज्याने घेतली, त्याला नक्षी नको होती, नेम हवा होता. कारखान्याने त्याचं ऐकलं. आज लोक जे पैसे मोजतात, ते त्या प्रामाणिकपणाचे आहेत, असं मला वाटतं. आणि इलियनचा तो जुना कारखाना? २०२४ मध्ये तोही बंद झाला. म्हणजे तिथल्या रायफली आता फक्त कमीच होत जाणार.

तर मंडळी, तुमच्या घरात अशी कुठली स्वस्तातली वस्तू आहे, जी पन्नास वर्षांनी कुणीतरी शोधत येईल? जरा डोकं चालवा आणि आम्हाला जरूर कळवा. एपिसोड आवडला असेल तर मित्राला पाठवा, विशेषतः ज्याच्याकडे आरएक्स आहे त्याला! भेटू पुढच्या वेळी. तोपर्यंत, जुन्या वस्तूंना उगाच पॉलिश मारू नका.